पाणी, औषध, ये

घशाच्या ऑपरेशननंतर सासऱ्यांचा आवाज गेला. हात आधीपासूनच थरथरत होते, त्यामुळे लिहून दाखवणंही जमेना. उभा जन्म शिवणकामात घालवलेला, गिऱ्हाइकाचं माप घेता घेता घरभरची चौकशी करणारा माणूस कॉटवर गप्प पडून राहू लागला.

सून लिफ्टचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करायची. तिने एका लहानशा मायक्रोकंट्रोलर बोर्डाला तीन मोठी बटणं जोडली आणि कॉटपासून स्वयंपाकघरापर्यंत वायर ओढली. बटण दाबलं की वायरीतून एकामागून एक अक्षरं जायची आणि ओट्यावरच्या छोट्या स्क्रीनवर शब्द उमटायचा: पाणी, औषध किंवा ये. शब्द नवऱ्याने ठरवले होते. बाबांना आणखी काय लागणार, असं त्याचं म्हणणं.

पहिल्याच दिवशी स्क्रीनवर ‘पाणी’ची रांग लागली. तहान लागलीय की आग, असं म्हणत नवरा तांब्या घेऊन धावला. हात थरथरतो म्हणून एकदा दाबलेलं बोर्डाला पाचदा वाटतं, हे तिने त्याला समजावलं. मग प्रोग्रॅममध्ये बदल केला: एकदा दाबल्यावर क्षणभर पुढचं काही मोजायचंच नाही. त्यानंतर सगळं सुरळीत चाललं.

एका रविवारी नवरा सासऱ्यांच्या खोलीतच फोनवर बोलत बसला होता. सासऱ्यांचं शिवणाचं दुकान विकायचं घाटत होतं. आतलं सगळं भंगारवाल्याला देऊन टाकू, असं तो समोरच्याला सांगत होता. तेवढ्यात स्क्रीनवर ‘पाणी’ आलं. तिने नेऊन दिलं, तर सासऱ्यांनी पेला बाजूला सारला. मग ‘औषध’ आलं, मग ‘ये’, पुन्हा ‘पाणी’. बोर्डाने मान टाकली वाटतं, असं नवरा म्हणाला. तिलाही तीच शंका आली. लॅपटॉप जोडून तिने पाहिलं. बोर्डात काही बिघाड नव्हता. सासरे थांबून थांबून, मुद्दाम बटणं दाबत होते.

“बाबा, यातलं काहीच नकोय ना तुम्हाला?”

त्यांनी जोरात मान डोलावली.

तिने तिथेच बसून प्रोग्रॅम बदलला. मधलं बटण धरून ठेवलं की स्क्रीनवर अक्षरं सरकायची, सोडलं की समोरचं अक्षर पक्कं व्हायचं. काना-मात्रांची भानगड तिने ठेवली नाही. स्क्रीन उचलून कॉटपाशी आणला. बऱ्याच वेळाने अक्षरं जमली: म ल व च र.

“मला विचार,” तिने वाचलं.

नवऱ्याने फोन ठेवला. दुकान विकायचं नाही का, असं त्याने खालच्या आवाजात विचारलं. सासऱ्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मग पुन्हा बटण धरलं. ल क च क प ड.

नवऱ्याने ‘लाकडी कपाट’ असं वाचून पाहिलं. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला.

“लोकांचे कपडे,” ती म्हणाली.

ऑपरेशनआधी शिवून ठेवलेले कपडे दुकानातच राहिले होते. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने ते घरी आणून कॉटवर पसरले. सासरे एकेका कपड्यावर हात ठेवायचे आणि मालकाचं नाव बटणाने काढायचे. नवरा चुकीचं वाचायचा, ते चिडायचे, ती मधे पडायची. दुपार त्यातच गेली. नंतर त्याने घरोघरी जाऊन कपडे पोचवले. एक शर्ट तेवढा मागे राहिला. त्याचा मालक गाव सोडून गेला होता.

पुढे दुकान विकलं गेलं. त्या दिवशी सासरे बरोबर गेले. सही जमेना, म्हणून त्यांनी अंगठा उठवला. परतताना रिक्षात त्यांना झोप लागली.