पश्चिम कड्यावरचा पिवळा फलक

मी एक जुना पत्र्याचा फलक आहे. रंगाने पिवळा आणि एका कोपऱ्यात वाकलेला. मित्रांनो, मी आज रागावलो आहे. का रागावलो, ते तुम्ही ऐकून घ्या.

माझा जन्म कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या नबीलाल पेंटरांच्या दुकानात झाला. निशाण डोंगराच्या पश्चिम कड्यासाठी त्यांना दोनच ओळी लिहायला सांगितल्या होत्या. 'सावधान. पुढे खोल कडा आहे.' अक्षरे झाल्यावर त्यांनी पुन्हा ब्रश उचलला आणि खाली तोल जाऊन पडणारा एक माणूस रंगवला. त्याच्या पायाखालचे दगड सुटलेले होते.

"हे कुणी सांगितलं तुमास्नी?" त्यांची बायको हाफिजा म्हणाली.

"कुणी न्हाय. पण वाचता येत न्हाय म्हणून माणसानं खाली पडायचं व्हय?"

कड्यावर पावसाळ्यात कमरेएवढे गवत वाढते. जमीन कुठे संपते ते दिसतच नाही. त्या जागी मी सोळा वर्षे उभा राहिलो. डोंगराचा पहारेकरी कृष्णात रोज सकाळी ओल्या फडक्याने माझे तोंड पुसायचा आणि माझ्याशेजारी काठी टेकून बसायचा. कुणी पुढे सरकले, की तो ओरडायचा, "ओ पावणं, मागं या." आम्ही दोघांनी मिळून एकालाही पडू दिले नाही.

मग डोंगरावरच्या कोरीव लेण्यांचे नाव परदेशात पोहोचले. बसगाड्या भरभरून पाहुणे येऊ लागले. मला आनंद झाला. पण त्यांच्याबरोबर व्यवस्थापनाचे एक नवे साहेबही आले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"हा काढा. सगळ्यांच्या फोटोत येतो. गावठी दिसतं. आपण पाच भाषांतला काचेचा फलक लावतोय."

कृष्णात म्हणाला, "साहेब, नवा आला की ह्यो काढू की. तवर ऱ्हाऊ दे."

"उद्या परदेशी पाहुणे येणार आहेत. आजच काढा."

कृष्णातने स्वतःच्या हाताने माझ्या पायाखालचा मुरूम खणला. मला तिकीटघरामागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवले. आणि कृष्णातलाही कड्यावरून हलवले. डोक्याला फेटा बांधून त्याने खालच्या दाराशी उभे राहायचे आणि पाहुण्यांना नमस्कार करायचा, असे ठरले. म्हणजे कड्यावर फलकही नाही आणि माणूसही नाही. काचेचा फलक तर आलाच नाही.

ऑगस्टमधल्या एका दुपारी बाहेर आरडाओरडा झाला. पुढचे मी खोलीच्या दाराशी चाललेल्या बोलण्यातून ऐकले. जर्मनीहून आलेले एक आजोबा आपल्या बायकोचा फोटो काढत होते. ती पूर्ण दिसावी म्हणून ते एकेक पाऊल मागे सरकले. गवतातून त्यांचा पाय निसटला आणि ते पंधरा फूट खालच्या टप्प्यावर आदळले. कृष्णात फेट्यासकट धावत वर गेला. त्याने आणि गावच्या माणसांनी दोर लावून त्यांना वर घेतले. जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले होते.

आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांनी कृष्णातला कामावरून दूर केले. कारण लिहिले, 'कड्यावर लक्ष ठेवले नाही.' भिंतीला टेकून मी हे ऐकत होतो. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर त्या दिवशी अख्खा डोंगर जागा झाला असता.

आठवड्याने बाहेरून चौकशी अधिकारी आले आणि तिकीटघरात बसले. त्या जर्मन आजोबांच्या बायकोलाही त्यांनी बोलावले होते. साहेब त्यांना म्हणाले, "फलक काढला हे खरं आहे. पण तो मराठीत होता. परदेशी माणसाला त्याचा काय उपयोग?"

पाहुण्यांना डोंगर दाखवणारी संयोगिता तिथे दुभाषी म्हणून बसली होती. ती उठली आणि थेट आमच्या खोलीत आली. खुर्च्या बाजूला करून तिने मला बाहेर ओढले आणि त्या जर्मन आजींसमोर भिंतीला उभे केले. तिने काहीही समजावून सांगितले नाही. आजींना मराठीचे एक अक्षर येत नव्हते. त्यांनी मला पाहिले, त्या जवळ आल्या आणि त्यांनी पडणाऱ्या माणसावर बोट ठेवले. त्या हळूच काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या?" अधिकाऱ्यांनी विचारले.

संयोगिता म्हणाली, "ह्यो बोर्ड तितं असता तर माझा नवरा थांबला असता, म्हणत्यात."

साहेब टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

कृष्णातला काम परत मिळाले, मला माझी जागा मिळाली. साहेबांची बदली झाली. जाताना त्यांना नारळ आणि शालही मिळाली. त्या आजोबांचा पाय मात्र कायमचा आखूड झाला. ते काठी घेऊन आपल्या देशात चालतात. मग मी कशाचा आनंद मानू?

मित्रांनो, पाहुणा आला की तुम्ही त्याच्या गळ्यात हार घालता, त्याच्याबरोबर फोटो काढता. त्याआधी त्याच्या पायाखाली काय आहे ते बघा. आणि तुम्हीही शहाणे व्हा. परवा एका पोराने माझ्या खांद्यावर दप्तर अडकवले आणि रील काढायला तो पुढे गेला. कृष्णातने त्याला कॉलर धरून मागे ओढले, तर तो पोरगा कृष्णातलाच उलट बोलला.

मला रंग द्या, हार घाला, असे मी म्हणत नाही. माझ्यापाशी पोहोचलात, की फक्त थांबा.