ओढ्याकाठची बारा घरं

"हेझल, चहा राहू दे. आधी तुझं घर ठेव!" डेरेक पग्सली हॉलच्या दुसऱ्या टोकावरून ओरडला.

घर म्हणजे पुठ्ठ्याचं. शाळेतल्या मुलांनी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांची बारा घरं कापून, लाल छपरं रंगवून दिली होती. टेबलटेनिसची दोन टेबलं जोडून त्यांवर अख्ख्या नेदरकूमचा नकाशा पसरला होता आणि नवी घरं कुठं बांधायची ते गावानं आपल्या हातानं ठरवायचं होतं. ज्याच्या दारासमोर घरं येणार त्यानं आधी बोलायचं, मग बाकीच्यांनी हात वर करायचे. ही पद्धत डेरेकची. तो जनावरांचा निवृत्त डॉक्टर आणि आमच्या पॅरिश पंचायतीचा अध्यक्ष. पद्धत फार सभ्य आहे, असं त्याचं मत होतं.

हेझल वॉनाकॉटनं किटली खाली ठेवली. तिनं तीसेक वर्षं शाळेची बस चालवली. तिच्या बसमध्ये ओकलं नाही असं पोर गावात सापडायचं नाही. गेली दोन वर्षं तिनंच घरोघरी जाऊन लोकांचे कान किटवले होते. पोरं गाव सोडून चाललीत, रिकामं झालेलं घर लंडनवाले सुट्टीसाठी उचलतात, आपल्या माणसांना परवडतील अशी चार घरं नकोत का? जागाही जवळजवळ पक्की होती. चर्चच्या वरचं शेत, उंच, कोरडं, रस्त्याला लागून. मालक स्वस्तात द्यायला तयार होता. ते शेत नेमकं हेझलच्या खिडकीसमोर होतं.

मागं भिंतीला टेकून टॅमसिन उभी होती. आजाऱ्यांना उठवणं, न्हाऊ घालणं हे तिचं काम. हेझलच्या नवऱ्याला, रॉयला, रोज सकाळी अंथरुणातून तीच उठवायची. स्वतः मात्र नवरा आणि दोन मुलींना घेऊन बापाच्या गोठ्यामागं चाकांवरच्या घरात, कॅरव्हॅनमध्ये राहायची. थंडीत तिथं गाद्यांनासुद्धा बुरशी धरायची. तिनं हेझलकडं बघून अंगठा वर केला.

डेरेकनं अकरा घरं वरच्या शेतात आधीच मांडून ठेवली होती. बारावं हेझलच्या हातात होतं. नकाशावर तिला आपलं घर दिसलं आणि त्याच्यासमोर दाटीवाटीनं बसलेली ती लाल छपरं दिसली. दोन वर्षं तोंडानं बोललेली गोष्ट तिनं डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

"मी घरांच्या विरुद्ध नाही हं," ती म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला. "पण आमचा रॉय... दिवसभर त्या खिडकीत बसून असतो. त्या शेताशिवाय त्याला दुसरं आहे काय? ओढ्याकाठचं कुरण चालणार नाही का?"

त्या कुरणात हिवाळाभर बदकं पोहतात हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"अगदी खरं," ईनिड यो पुढच्या रांगेतून म्हणाली. "बिचारा रॉय!"

मग सगळ्यांनाच कंठ फुटला. बिचारा रॉय, ओढ्याकाठी झाडीही किती छान, मुलांना खेळायला बरं. पहिलं कोण बोलतंय याचीच जो तो वाट बघत होता. हात भराभर वर गेले. नाही कुणीच म्हटलं नाही. आमच्या गावात नाही म्हणत नाहीत, ओल्या जागेला हो म्हणतात.

"तिथं पाणी भरतं," टॅमसिन म्हणाली.

"ते तज्ज्ञ बघतील गं पोरी," डेरेक म्हणाला आणि घरं उचलून ओढ्याकाठी मांडू लागला.

टॅमसिननं कोट चढवला, रिकामा कप आणून टेबलावर ठेवला. "चहा छान झालाय, हेझल," ती म्हणाली आणि गेली. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी टॅमसिन वेळेवर आली. पाणी कोमट आहे ना ते नेहमीसारखं कोपरानं पाहिलं आणि रॉयची पाठ पुसायला घेतली. हेझल दाराशी टॉवेल धरून उभी होती.

"मग? वरच्या शेतात ना?" रॉयनं विचारलं. "तुझ्या पोरी समोर राहायला येणार तर!"

"हेझलना विचारा," टॅमसिन म्हणाली.

हेझलनं सांगितलं.

"माझं नाव घेतलंस?"

"तुला तेवढाच विरंगुळा म्हणून मी..."

"विरंगुळा? चार वर्षं गवत बघतोय मी, गवत! कुणी येईल-जाईल, पोरं भांडतील, एखादं कुत्रं भुंकेल म्हणून डोळे लावून बसलो होतो. नको होती तर तुला नको होती. माझ्या दुखण्याआड कशाला लपलीस?"

"मलाच नको होती," हेझल म्हणाली. ऐकायला टॅमसिन समोरच होती. शरमेनं हेझलचे कान तापले, टॉवेल कुणाला द्यायचा तेही तिला सुचेना. शेवटी टॅमसिननंच तो तिच्या हातून घेतला.

त्याच दुपारी हेझल डेरेककडं गेली. "पुन्हा सभा घे. मी चुकले म्हणून सगळ्यांसमोर सांगते."

"अगं, मालकाचा फोन येऊन गेला. गावाला नको तर शेत घोडेवाल्यांना देतोय म्हणाला," डेरेक म्हणाला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्यांनीच हात वर केले ना?" तो खरोखर तिची समजूत काढत होता. ती तशीच घरी आली.

फेब्रुवारीत जागा बघायला आलेला तज्ज्ञ कुरणात चार पावलं गेला, बुटांत पाणी घेऊन परतला आणि गाडीतूनच नको म्हणून हात हलवला. टॅमसिनच्या नवऱ्यानं शहरात दोन खोल्या शोधल्या, तासाभराच्या अंतरावर. तिच्या जागी गावात यायला कुणी तयार नव्हतं. येणारीला राहायला घर कुठं होतं?

शेवटच्या सकाळी टॅमसिननं हेझलला पलंगाशी उभं केलं.

"गुडघे वाकवा. पाठ नाही, गुडघे. हं. आता त्यांना गळ्यात हात टाकू द्या."

रॉयनं हात टाकले, तोंड मात्र भिंतीकडं ठेवलं.

"टॅमसिन, मी तुझं..." हेझल म्हणाली.

"बोलू नका, दम जातो. उचला."

हेझलनं उचललं. रॉय एवढा जड असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. टॅमसिनचा हात तिच्या पाठीवर घट्ट होता.

"आता मी हात काढते हं," टॅमसिन म्हणाली आणि काढला.

हेझलनं पाय रोवले आणि ती रॉयला धरून उभी राहिली.

"जमतंय," टॅमसिन म्हणाली आणि खुर्ची जवळ सरकवून दिली.