ड्रायव्हरसाहेबांचा अंगठा

आमच्या ह्यांचा सगळा कारभार उजव्या हाताच्या अंगठ्यावर चालायचा. कलिंगड पिकलंय का, कणीक मऊ झाली का, टायरात हवा किती आहे, अंगठा दाबला की निकाल तयार. नवऱ्याचा बायकोपेक्षा अंगठ्यावर जास्त विश्वास असेल तर बायकोनं करावं तरी काय? मी दिवसभर अंगणवाडीत पोरं सांभाळून घरी यायची, आणि घरी हे एक थोरलं पोर.

एसटीत ड्रायव्हर म्हणून त्यांची उभी नोकरी झाली. खाकी शर्टाच्या खिशात घडीचा चाकू कायम. मूठ पितळेची, पातं दुमडून आत जाणारं. त्यानं काकडी सोलायची, गाडीची तुटलेली वायर तासायची, एखाद्या म्हातारीच्या गाठोड्याची न सुटणारी गाठ कापायची. चाकू घरी विसरला तर आमचं लोहारा गाव सोडायच्या आधी माघारी यायचे, डबा विसरला तर नाही.

त्यामुळं आमच्या गल्लीत कुणी नवा चाकू घेतला किंवा विळ्याला धार लावून आणली, की ते हत्यार आधी आमच्या ओट्यावर यायचं. हे चाकू कानाजवळ धरून उघडायचे. 'खट' असा एकच आवाज आला पाहिजे, दोन आले तर खिळा ढिला. मग पातं चिमटीत धरून हलवून बघायचे. शेवटी डोळे मिटून अंगठा धारेवर आडवा फिरवायचे. "आडवा फिरवायचा. उभा फिरवला की गेला," हे वाक्य गल्लीतल्या शेळ्यांनासुद्धा पाठ झालं असेल. कुणी म्हणालं की कागद कापून बघू या, तर ह्यांना राग यायचा. म्हणायचे, "त्यानं कागदाला कळंल. आपल्याला काय कळंल?" कोर्टाच्या निकालावर अपील करता येतं, ह्यांच्या निकालावर नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. सोलापूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तोंड वाकडं होतं आणि उजवी बाजू लुळी. हळूहळू तोंड सरळ झालं, आणि तोंड सरळ झालं तशी बडबडही सुरू झाली. पाय चालायला लागला. हाताची मूठ वळायला लागली. पण उजव्या हाताची बोटं बधिर होती ती बधिरच राहिली. डॉक्टर म्हणाले, जाणीव परत येईल किंवा येणारही नाही, वाट बघा. वाट बघा हे काय औषध झालं? पण दुसरं औषध नव्हतंच, म्हणून तेच घेत राहिलो.

एकदा मी चहा दिला, तो ह्यांनी उजव्या हातात धरला. कडकडीत चहा आणि स्टीलचा पेला. हे निवांत पेपर वाचत बसले. थोड्या वेळानं बघते तर अंगठ्यावर टरारून फोड आलेला. मी ओरडले तर म्हणाले, "चा गारच व्हता की." त्या दिवसापासून मी चहा त्यांच्या डाव्या हातात द्यायला लागले.

तरी चाकूंची परीक्षा चालूच होती. मला वाटायचं, डाव्या अंगठ्यानं करत असतील. विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

समोरचे महांतप्पा एके दिवशी बाजारातून नवा चाकू घेऊन आले.

"जयभीम ड्रायव्हरसाहेब. बघा की जरा, कसा हाय."

"शरणार्थ, महांतप्पा. आणा हिकडं." ते ह्यांना आमचा नमस्कार घालायचे, हे त्यांना त्यांचा लिंगायती.

ह्यांनी चाकू कानाजवळ उघडला, पातं हलवलं आणि डोळे मिटून अंगठा फिरवला. उजवाच. पुन्हा फिरवला. मग म्हणाले, "बोथट हाय हो. ह्यानं लोणी सुदिक कापायचं न्हाय. फसवलं तुमाला दुकानदारानं."

महांतप्पांनी स्वतः बघू नये का, असं तुम्हाला वाटेल. ड्रायव्हरसाहेबांनी बोथट म्हटल्यावर बघायचं काय? गल्लीत तशी पद्धतच नव्हती. त्यांनी घरी जाऊन खताच्या पोत्याची सुतळी तळहातावर ताणून धरली आणि बोथट चाकू म्हणून जोर लावून ओढला. सुतळी तुटली आणि तळहातही चिरला. टाके पडले.

त्यांची बायको नीलम्मा जराही रागावली नाही, हे तर आणखी वाईट. उलट तीच मला समजावत होती, "असू द्या वैनी, हात काय बरा व्हईल." हे आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले होते. ती गेल्यावर मी जवळ जाऊन बसले. तसे म्हणाले, "मुक्ते, मला काय बी कळलं न्हाय गं. धार हाय का न्हाय, काय बी न्हाय. लाकडाला लाकूड लावल्यावानी. मी आपलं ठोकून दिलं."

त्यांना रडू येत होतं आणि ते मला दिसू नये म्हणून उशीत तोंड खुपसत होते. मला त्यांचा राग आला होता, तो तिथंच विरघळला.

पण ह्यांचा चाकू मी लपवला. ज्वारीच्या कोठीत, पार तळाशी. पुण्याहून राजपालचाही फोन आला, "आई, अण्णांच्या हातात धारेचं काही देऊ नको." खरं सांगते, रक्ताची मला भीती नाही. अंगणवाडीत इतके गुडघे फुटलेले बघितलेत की मोजदाद नाही. मला भीती वेगळीच होती. चाकू लागेल, रक्त येईल, आणि ह्यांना कळणार नाही. हे माझ्याकडं बघत बसतील आणि मला त्यांना सांगावं लागेल, अहो, तुम्हाला लागलंय. मग डॉक्टरांचं 'येणारही नाही' तेच खरं, असं मला मानावं लागलं असतं.

चाकू गेला आणि माणूसच मुका झाला. ओट्यावर येणं बंद, पेपर बंद. जेवताना मीठ कमी पडलं तरी बोलत नव्हते. ज्या बडबडीला मी जन्मभर वैतागले तिच्यासाठी आता जीव टांगणीला लागला. दिवाळी गेली, थंडी पडली, तरी घरात आवाज म्हणून माझाच. भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान तोंड फिरवत नाही.

एक दिवस सकाळी न्याहारी करता करता म्हणाले, "माझ्या चाकूला गंज चढला असंल."

इतक्या दिवसांत आपण होऊन बोललेलं पहिलं वाक्य. मी उठले, कोठीत खांद्यापर्यंत हात घातला आणि चाकू काढून त्यांच्यापुढं ठेवला.

"धार तुम्ही लावा. तपासणार मी. अंगठा लावायचा नाही. कबूल?"

"कबूल."

"शपथ घ्या."

"आता काय पंचशील म्हणून दाखवू व्हय?" म्हणाले. मला इतकं बरं वाटलं त्या टोमण्यानं!

ओट्यावर ऊन आलं होतं. मी परातीत पाणी घालून धारेचा दगड भिजवून दिला. दगडातून बुडबुडे यायचे थांबले तेव्हा ह्यांनी तो पायाच्या बोटांत धरला आणि कामाला लागले. आधी पात्यावरचा गंज काढला, खिळ्यात तेलाचा थेंब सोडला. मग दगडाच्या खरबरीत बाजूवर पातं ओढायला सुरुवात केली. उजव्या हातात मूठ, डाव्या हाताची बोटं पात्यावर. मध्येच मूठ निसटायची. माझा हात पुढं जायचा आणि मी तो मागं घ्यायची.

"झोपवायचं न्हाय आन् उभं बी करायचं न्हाय," दगडाकडं बघत मला सांगत होते. "पात्याखाली एक नाणं जाईल एवढंच उचलायचं." एका बाजूनं घासलं की दुसऱ्या कडेला कुसळासारखं काहीतरी बारीक चढतं. ते डाव्या बोटानं चाचपायचं, मग पातं पालथं करून तिकडून घासायचं. खरबरीत बाजू झाली, गुळगुळीत झाली, शेवटी खाकी ड्रेसवरचा जुना कातडी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून त्यावर पातं मागं मागं ओढलं.

"घे. कर परीक्षा."

मी कालचा पेपर उभा धरला आणि वरून चाकू चालवला. सर्रकन खाली आला, पण टोकाजवळ अडकला.

"टोकाला अडकतंय," मी म्हणाले.

त्यांनी ऐकून घेतलं! कागदाची परीक्षा त्यांना कधी चालत नव्हती, पण मुकाट्यानं पुन्हा दगड धरला आणि टोक तेवढं घासून दिलं. मग म्हणाले, "कागद पुरे. लिंबू आण. चकती अशी पडली पायजे की पलीकडचं दिसावं."

मी लिंबू आणलं, पाटावर ठेवून चकती कापली.

"ही चकती हाय का चाक? एसटीला बसंल. आण हिकडं."

मी चाकू द्यायला नको होता, पण दिला. ह्यांनी डाव्या हातात लिंबू धरलं आणि जपून चाकू ओढला. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, दोन्ही हात लिंबानं ओले झाले. चकती मात्र सुरेख पडली. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. मी ती उन्हात धरून बघायला लागले. खरंच पलीकडचं दिसत होतं, नीलम्माचं दार, दारातली शेळी.

चकती बघण्यात माझं लक्ष गेलं तेवढ्यात ह्यांचा घात झाला. जन्माची खोड. धार मनासारखी लागली होती ना, मग डोळे आपोआप मिटले, चाकू डाव्या हातात गेला आणि उजवा ओला अंगठा धारेवर आडवा फिरता फिरता उभा घसरला.

"अहो!"

अंगठ्यावर लाल रेघ उमटली आणि बघता बघता फुगून वाहायला लागली. ह्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. चेहरा एकदम शांत.

"काय झालं?" मला विचारलं.

जे बघावं लागू नये म्हणून इतके दिवस कोठीत हात घातला नव्हता, तेच समोर बसून मला विचारत होतं काय झालं म्हणून. मला सांगावं लागणार होतं.

तेवढ्यात त्यांच्या कपाळावर एक आठी पडली. मग ओठ आवळले गेले.

"स्स..."

मी चकती टाकून पुढं वाकले.

"स्स... आयव! आगं, झोंबलं की! मुक्ते, झोंबतंय!"

लिंबाचा रस चिरेत उतरला होता. मी धावत जाऊन तांब्या आणला आणि हात धरून पाणी ओतणार, तोच त्यांनी हात मागं ओढला.

"धुऊ नगंस!"

"अहो, रक्त येतंय."

"येऊ दे की. झोंबू दे जरा." अंगठा डोळ्यांसमोर धरून ते त्याच्याकडं असं बघत होते की जणू गावाला गेलेलं माणूस दारात उभं आहे. "ऱ्हायलेलं लिंबू कुठाय? पिळ ह्याच्यावर."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"पिळ म्हणतो ना!"

मी पिळलं. हे असे ओरडले की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. नीलम्मा तर हातातलं सूप टाकून पळतच आली. बघते तर मी आजारी नवऱ्याचा रक्ताळलेला हात धरून त्यावर लिंबू पिळतेय.

"अय्यो शिवा! वैनी, काय करलालाव हे! आजारी माणसाला?"

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना. ती ह्यांच्याजवळ बसली आणि कळवळून म्हणाली, "लई दुखलालंय का हो, ड्रायव्हरसाहेब?"

"लई दुखतंय, नीलम्मा," हे म्हणाले आणि लहान पोरासारखे हमसून हमसून रडायला लागले. "लई म्हंजी लई दुखतंय."

मी राहिलेलं लिंबू पुन्हा पिळलं.