आपटलेला थर्मामीटर

खोलीत दोन खुर्च्या होत्या, एक टेबल, बर्फाने भरलेली एक टाकी, एक विजेची भट्टी, चहाचे दोन कप आणि एक मुलगी. दुसरी खुर्ची पंधरा दिवसांपासून रिकामी होती. तिच्यावर बसणाऱ्या बाई निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेल्या होत्या. अख्खी प्रयोगशाळा त्यांना आत्या म्हणायची, साहेबसुद्धा.

मुलगी नवी होती, पदवी मिळून वर्षही झालं नव्हतं. कारखान्यांतले आणि दवाखान्यांतले थर्मामीटर खरं बोलतात की थापा मारतात, ते तपासायचं एवढंच या खोलीचं काम. लोक खिडकीतून खोकी द्यायचे, पावती घ्यायचे आणि चालू लागायचे. दिवस दिवस कुणी आत यायचं नाही.

तपासायला प्रमाण एकच, आत्यांचा प्लॅटिनमचा थर्मामीटर. पेन्सिलीएवढ्या जाड काचेच्या नळीत केसासारख्या तारेचं वेटोळं. तापमान चढलं की तारेचा विद्युतरोध चढतो. तो मोजायचा, की तापमान कळलं. आत्यांनी तो एकोणीस वर्षं तळहाताच्या फोडासारखा जपला होता. निघताना म्हणाल्या होत्या, "याला सांभाळ. मला फोन नाही केलास तरी चालेल."

त्या सकाळी तो पुसताना मुलीच्या हातातून निसटला आणि टाकीच्या काठावर आपटला. टक्. काच फुटली नाही. कुणी ओरडलंही नाही, कारण ओरडायला कुणी नव्हतंच.

पण काच शाबूत म्हणजे तार शाबूत, असं नसतं. धक्क्याने धातूतले अणू आपल्या ओळी सोडतात आणि रोध वाढतो. किती वाढला, ते एकाच ठिकाणी कळणार होतं: टाकीत बुडवलेल्या बंद काचपात्रात. त्यातली हवा काढून टाकलेली. आत फक्त पाणी, बर्फ आणि वाफ. ही तिन्ही एकत्र नांदतात ती एकाच तापमानाला, शून्याच्या वर अंशाचा शंभरावा भाग.

त्यातला बर्फ तिने गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच एकटीने जमवला होता. पात्राच्या मधोमध वरून उघडी नळी होती, तिच्यात कोरडा बर्फ ठासला. त्याचं कधी पाणी होत नाही, तो घन असतानाच थेट वायू होऊन निघून जातो. भोवतीचं पाणी शून्याखाली उतरलं, तरी हट्टाने पाणीच राहिलं. मग एका क्षणात नळीपासून चहूबाजूंना बर्फाच्या सुया फुटल्या. "पाहिलंत?" असं म्हणत ती वळली, आणि समोर रिकामी खुर्ची होती.

आता तिने पात्राच्या त्याच मधल्या नळीत थर्मामीटर सोडला. इथे त्याचा आकडा वर्षानुवर्षं २५.४८९१ ओहम. आज आला २५.४९०७. शेवटच्या घरात तीनपर्यंतचा फरक चालायचा. त्यापुढे थर्मामीटर बाद. नवा मिळणार नाही, हे साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. थर्मामीटर गेला की खोलीला कुलूप, आणि तिची रवानगी खालच्या गोदामात.

तिने फोन लावला.

"आत्या, कशा आहात?"

"मला काय धाड भरलीय? कामाच्या वेळेत माझी तब्येत विचारायची हौस कधीपासून आली तुला?"

"सहजच."

"सहज, होय? काय आपटलंस ते सांग."

"तुमचा थर्मामीटर."

"काचेला तडा गेलाय?"

"नाही."

"आकडा किती वाढला?"

"सोळा."

पलीकडे काहीतरी सांडलं, एक पोर भोकाड पसरून रडलं. "थांब गं, नातवाने प्रताप केलाय." मग परत, "रडतेयस की काय? भट्टीत घाल त्याला. साडेचारशे अंश, चार तास. वितळवायचा नाहीये. तेवढी ऊब लागली की अणू थोडे हलतात, आपापल्या जागा शोधतात. आणि भट्टीतच सावकाश निवू दे. भसकन बाहेर काढलास तर वाकडे ते वाकडेच राहतील."

"सगळ्यांना मिळतात जागा?"

"मी कुठे मोजायला गेले होते? आकडा सांगेल."

"तुमचं तिकडे कसं चाललंय?"

"सगळे जीव लावतात गं. कपबशी विसळायलासुद्धा हात लावू देत नाहीत." फोन ठेवताना म्हणाल्या, "कळव मला. काहीही आलं तरी कळव."

मुलीने भट्टी लावली. दोन्ही कप घासले, एकातच चहा ओतला. खिडकीत एक माणूस खोकं देऊन गेला. तिने त्याला थांबवून उगाचच विचारलं, बाहेर ऊन फार आहे का. "आहे की," म्हणून तो गेला. भट्टी रात्रभर निवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने नळी दोन्ही हातांत धरून टाकीपर्यंत नेली, काचपात्रात सोडली आणि हात मागे घेतले. आकडा बराच वेळ खालीवर होत राहिला. मग थांबला.

२५.४८९३ ओहम.