सात टॅब आणि एंटर

"तुझ्या नवऱ्याला सांग, त्या वायरला हात लावलास तर याद राख म्हणावं."

बाई हे फोनमध्ये बोलल्या. मुलीचा नवरा तीन फुटांवर, त्यांच्याच टेबलाखाली होता.

"अरे, आई म्हणतेय वायरला हात लावू नकोस," फोनमधून मुलगी म्हणाली. फोन स्पीकरवर होता आणि टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवलेला होता, जणू तिथून सरहद्द जात होती.

"ऐकलं मी. तुझ्या आईला सांग, ही वायर पंख्याची आहे."

"आई, ती वायर पंख्याची—"

"बहिरी नाहीये मी."

पंखा बंद पडला. जावई घाईघाईने टेबलाखाली आणखी आत सरकला.

या दोघांचं बोलणं दोन वर्षांपासून बंद होतं. जावयाने सासूबाईंचा टीव्ही दुरुस्त केला होता, आणि तेव्हापासून त्यावर एकच चॅनल दिसायचं, कुस्तीचं. "डिग्री मोठी आहे, पण हाताला यश नाही," असं बाईंनी चार नातेवाइकांत सांगितलं. चारही नातेवाईक कर्तव्यदक्ष निघाले. आज मात्र बस आगाराने ज्या कंपनीकडून संगणक दुरुस्तीला माणूस मागवला, तिने नेमका हाच पाठवला.

बाई आगारात ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावायच्या. ड्रायव्हर त्यांना पाठीमागे 'साडेसाती' म्हणायचे, आणि घाईत असले तर तोंडावरही. ड्यूटीचा प्रोग्रॅम इतका म्हातारा होता की नवा संगणक त्याला दारात उभं करत नसे. म्हणून नव्या संगणकाच्या पोटात एक खोटा, जुना संगणक तयार केला होता आणि प्रोग्रॅम त्याच्यात सुखाने नांदत होता. अडचण एकच. या खोट्या संगणकाचा पडदा मोठ्या मॉनिटरच्या मधोमध पाकिटावरच्या तिकिटाएवढा दिसायचा, आणि फॉर्मचा खालचा भाग त्याच्या कडेखाली बुडालेला असायचा. 'जतन करा' हे बटण तिथेच कुठेतरी होतं. ते बाईंनी अकरा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

आधीच्या कारकुनाने निवृत्त होताना त्यांच्या कानात सांगितलं होतं, "शेवटची गाडी भरली की सात टॅब आणि एंटर. आठ नाही हं बाई. आठवर सगळं पुसतं."

बाईंनी हा मंत्र कोणालाही दिला नाही. मागे त्या तीन दिवस तापाने पडल्या, तेव्हा साहेबांनी स्वतः टॅब मोजायला घेतले आणि ते आठवर पोचले. दुसऱ्या दिवशी अडतीस ड्रायव्हर आगारात बिनकामाचे उभे राहिले. एकजण कंटाळून स्वतःच बस घेऊन गेला, ती संध्याकाळी सापडली. साहेब बाईंच्या दारात थर्मामीटर घेऊन बसून राहिले.

तो अपमान साहेब विसरले नव्हते. आज सकाळीच त्यांनी सांगितलं होतं, "बाई, तुमच्यावाचून अडतं ते एका न दिसणाऱ्या बटणामुळे. ते दिसलं की सोमवारपासून तुम्ही हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत. तिथे छत्र्या आहेत, त्यांच्याशी भांडा."

"आणि माझ्या बढतीचे अर्ज?"

"मुख्य कचेरीने तीनदा कळवलंय. तुमच्या नावावर कामाची नोंद आढळत नाही."

नोंद कोण दाबतंय हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. तो समोरच उभा होता आणि ढेकर देत होता.

आता टेबलाखालून वर आलेल्या जावयाने खोटा संगणक पूर्ण पडद्यावर ताणून पाहिला. तिकिटाचं पोस्टर झालं, पण अर्धवट ते अर्धवटच.

"तुझ्या नवऱ्याला म्हणावं, अर्धी भाकरी भिंगातून बघितली म्हणून पोट भरत नाही."

"तुझ्या आईला म्हणावं, भाकरी अजून तव्यावर आहे."

"मी ऑफिसात आहे," मुलगी म्हणाली. "मला मीटिंग आहे. तुम्ही दोघं एकमेकांशी बोललात तर आभाळ कोसळणार नाही."

पण तिने फोन ठेवला नाही, कारण ती दोघांनाही ओळखत होती.

जावयाने खोटा संगणक बंद केला. त्याच्या चित्रांसाठी जी मेमरी तोडून दिली होती ती मुंगीच्या तोंडाएवढी होती. ती वाढवली, वरून 'चित्रं वेगाने काढा' या चौकटीत एक खूण केली आणि परत चालू केला. सगळा पडदा काळा झाला.

बाईंचा चेहरा फुलला. "टीव्हीची आठवण झाली," त्या फोनला म्हणाल्या.

जावयाने ती खूण काढली, मग खोट्या संगणकाला पडदा ओळखायला शिकवणारी फाइल घातली आणि तो पुन्हा चालू केला. बाई मनातल्या मनात कुस्तीच्या चॅनलला साकडं घालत होत्या.

फॉर्म उघडला. वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत, अख्खा.

खाली हिरवं 'जतन करा'. त्याला चिकटून लाल 'सगळं पुसा'. अकरा वर्षं बाई या दोघांच्या मधल्या फटीत राहत होत्या. बटणांच्या वर सहा चौकटी होत्या, टॅब मारताना बोटाखालून निघून जाणाऱ्या. तिसऱ्या चौकटीवर लिहिलं होतं 'ड्यूटी लावणारा', आणि पुढे आधीच्या कारकुनाचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

साहेब मागे येऊन उभे राहिले होते. "अरे, हे तर वारले ना?"

"सहा वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "मी गेले होते मयताला."

सहा वर्षं एक मेलेला माणूस अडतीस ड्रायव्हरांना कामाला लावत होता, आणि तेही एक दिवस रजा न घेता. मुख्य कचेरीत त्याची नोंद चोख होती. शिव्या तेवढ्या बरोबर पत्त्यावर पोचत होत्या.

साहेबांनी छताकडे पाहिलं. मग त्यांना मुद्दा सापडला. "मग बाई, अकरा वर्षांत तुम्ही हे बघितलं नाहीत?"

"दिसत नव्हतं," जावई म्हणाला. "म्हणून तर मला बोलावलंत, साहेब."

साहेबांना अचानक कुठेतरी काम आठवलं. जाताना दारातून म्हणाले, "झालं ना? आता शिपाईसुद्धा करेल."

खोलीत दोघंच उरले. जावयाने घसा साफ केला. फोनकडे न बघता तो म्हणाला, "आई, ते नाव बदलता येतं."

"मागच्या नोंदींचं?"

"त्या बंद झाल्यात. फक्त उद्याचं."

बाईंनी त्या चौकटीतला माणूस एकेक अक्षर करत पुसला. मग स्वतःचं नाव लिहिलं, हळूहळू, जणू कोणीतरी स्पेलिंग विचारत होतं. जावयाने माउस पुढे सरकवला. त्यांनी तो बाजूला ढकलला.

तिसऱ्या चौकटीत होत्या, म्हणजे चार टॅब राहिले. पाच झाले तर उद्या अडतीस ड्रायव्हर बिनकामाचे, आणि साहेब पुन्हा थर्मामीटर घेऊन दारात.

एक. दोन. तीन. चार.

बोट टॅबवरच थांबलं. जावयाने हात पुढे केला नाही.

बाईंनी एंटर दाबलं.

पडद्याच्या अगदी तळाला एक बारीक ओळ उमटली. 'नोंद जतन झाली. धन्यवाद,' आणि पुढे बाईंचं नाव. ती ओळ रोजच उमटत असणार, पाण्याखाली, मेलेल्या माणसाला उद्देशून. आगारात हा शब्द बाईंना आजवर कोणी म्हटला नव्हता.

पाच सेकंदांनी ओळ गेली.

"काय झालं?" फोनमधून मुलगी ओरडली. "बोला ना कोणीतरी!"

बाईंनी खुर्चीवरची उशी उचलली. खुर्ची आगाराची होती, उशी त्यांची. ती त्यांनी दोनदा झटकली, छत्र्यांच्या खोलीत न्यायला काखेत घेतली आणि दारात वळल्या.

"जावईबापू, रविवारी या. टीव्हीचं बघा." आणि जरा थांबून, "मोडलाय तुम्हीच."