तिसऱ्या खांबावरचं नाव

"काका, संपली ना सगळी नावं? की राहिलंय एखादं?" चुन्याचं घमेलं खाली ठेवत दानाईने विचारलं.

समुद्राकाठच्या त्या पडक्या देवळावर पांदेलीस एकतीस वर्षं पहारेकरी होता. कुणी खांबाला नुसतं बोट लावलं तरी त्याची शिट्टी वाजायची. गावात पोरंसोरं त्याला 'शिट्टी'च म्हणत. हौशी लोकांनी खांबांवर कोरलेली नावं बुजवायला अथेन्सहून ही पोरगी आली, तेव्हा कुठे काय खरडलंय ते त्यानेच एकेक करून दाखवलं होतं. एक सोडून.

ते तिसऱ्या खांबावर होतं, समुद्राच्या बाजूला. आर्गिरीस. पांदेलीसच्या थोरल्या भावाने बोटीवर कामाला जाण्याच्या आदल्या दिवशी ते आपलं नाव खिळ्याने कोरलं होतं. बोट बुडाली आणि आर्गिरीस सापडलाच नाही. थडगंच नाही, तर मृतांच्या शनिवारी त्याच्या नावाचे उकडलेले गहू ठेवायचे कुठे? आई ते चर्चमधून थेट इथे आणायची आणि नावावरून बोट फिरवायची. तेवढ्यापुरती पांदेलीसला शिट्टी सापडत नसे.

आज तोच शनिवार होता.

'नाही राहिलं' म्हणायला त्याचं काय जात होतं? पण जन्मभर दुसऱ्यांना हटकायचं आणि घरचं तेवढं झाकून ठेवायचं, हे काही त्याच्या गळी उतरेना.

"एक राहिलंय," तो म्हणाला. "ये, दाखवतो."

दानाईने वाकून नाव वाचलं. "कोण हो हा?"

"होता आमच्यातलाच एक. भर तू."

शेवटचं अक्षर बुजेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

थोड्या वेळाने आई काठी टेकत आली. तिला आता फारसं दिसत नसे. बोट सवयीने जागेवर गेलं आणि अडलं.

"ओलं लागतंय रे. कुणी केलं हे?"

"मीच दाखवलं, आई. घाल शिव्या."

म्हातारीने बोट हुंगलं. हिने काठी हाणली तर बरं, असं पांदेलीसला होऊन गेलं.

"चाळीस वर्षं उघड्यावर पडलं होतं माझं पोर," ती म्हणाली. "आज झाकलंस होय त्याला? बरं केलंस. पण आईच्या हातची माती राहिली की. दे थोडी."

दानाईने घमेलं पुढे सरकवलं. म्हातारीने चिमूटभर चुना घेतला, त्या जागेवर लावला आणि तळहाताने हळूहळू थापटत राहिली.

मागे उभ्या असलेल्या एका प्रवाशाला राहवलं नाही. "आम्हाला हात लावू देत नाही. या आजींना बरं चालतं!"

पांदेलीसने गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. मग टोपीही काढली.

"जरा थांबा," तो म्हणाला. "भावाला पुरतोय."

तो माणूस ओशाळून तिथेच उभा राहिला. म्हातारीने गव्हाची पिशवी सोडली आणि हाताने चाचपत त्याच्याही ओंजळीत मूठभर घातले.