शेवाळाची चकली

“गो बाय, आमच्या होडीला हे चिकटलं तं आमी खरवडून टाकतो. तू पिठात मळतेस?” नवसाबाईनं विचारलं, तशा डहाणूकडच्या बाकीच्या कोळणी फिदीफिदी हसल्या.

“हसा! उद्या मुंबईच्या साहेबानं घास घेतला की कळंल,” सगुणाबाई म्हणाली आणि सोऱ्यानं कागदावर चकल्या पाडू लागली.

नाशकात समुद्र नाही. पण ब्याऐंशी साली समुद्री शेवाळापासून खाद्यपदार्थ करायच्या सरकारी योजनेचं कार्यालय नाशकात निघालं, म्हणून समुद्राकाठच्या बायका नाशकात आणल्या. वरच्यांचं शहाणपण ते एवढंच. गोदाघाटावर पाय घसरू नये म्हणून जे खराट्यानं घासून काढतात, त्याची चकली करून विकायला शिकवायचं, आणि शिकवायचं सगुणाबाईनं. नांदगावची ही विधवा बाई नाशकातल्या सरकारी उद्योग केंद्रात रोजंदारीवर पापड लाटत म्हातारी होत आली होती. “चकली पसंत पडली की तुम्हाला कायम करतो,” असं केंद्राचे आणि आता योजनेचेही प्रमुख असलेले गोटीराम साहेब म्हणाले होते. त्या ‘कायम’पायी ती तो उग्र वास सोसत होती. चकली मात्र तिनं कधी तोंडात घातली नव्हती. तिला कोळणींची किळस, कोळणींना तिच्या चकलीची, आणि साहेबांना सगळ्याच बायकांची.

दुसऱ्या दिवशी मंडपात मुंबईचे साहेब ‘समुद्रातलं सोनं’ यावर घसा कोरडा होईतो बोलले. मग बशी पुढे आली. मेलेल्या पालीची शेपटी धरावी तशी त्यांनी चकली दोन बोटांत धरली.

“बाई, तुम्ही खाता का हे?”

“रोज खातात, सर! घरीसुद्धा नेतात,” गोटीराम साहेब मध्येच बोलले.

“मग बाई, आधी तुम्ही एक खाऊन दाखवा.”

सगुणाबाईनं चकली उचलली. एका घासाचं काम होतं. पण कुत्र्याला घालून पाहावं तसे दोघं तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं चकली गोटीराम साहेबांपुढे धरली.

“आधी तुमी खा. योजना तुमची हाय.”

“माझा... माझा उपास आहे. मंगळवार.”

“आज बुधवार हाय रं दादा!” मागून नवसाबाई ओरडली.

मंडप खदखदला. पाहुण्यांनी चकली बशीत ठेवली, रुमालाला बोटं पुसली आणि मोटार मागवली.

संध्याकाळी गोटीराम साहेब दारातूनच म्हणाले, “उद्यापासून येऊ नका. पापडालासुद्धा नाही.”

“बरं,” सगुणाबाई म्हणाली.

ते गेल्यावर तिनं परातीतली एक चकली घेतली, मोडली आणि खाल्ली. नवसाबाई बघत राहिली.

“कशी हाय गो?”

“मोहन बराबर पडलंय. खुसखुशीत हाय. मीठ तेवढं लय झालं.”

“दर्याचं हाय ते.”

सगुणाबाईनं चुलीतली लाकडं ओढून विझवली आणि कढई घासायला घेतली. कढई साहेबांची होती. तरी तळाला काळं राहू नये म्हणून ती राखेनं घासतच राहिली. नवसाबाई पाणी ओतत होती.